हजेरीपटावरचे नाव



पाडवा नुकताच होऊन गेला आहे. या दिवसांत आपल्या शिवारात एक जुना व्यवहार दरसाल पार पडतो आणि तो आपल्यापैकी बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेला आहे. सालगड्याचे साल पाडव्याला संपते आणि पाडव्यालाच नवे धरले जाते. ओट्यावर चार माणसे बसतात, जुना हिशेब निघतो, खाडे किती झाले, उचल किती गेली, ज्वारी किती दिली, याचा मेळ घातला जातो. गड्याच्या अंगावर काही बाकी निघालीच, तर ती पुढच्या सालात वळती होते. कोणी कागद करतात, पुष्कळजण करीत नाहीत. पण कागद असो वा नसो, कायद्याच्या भाषेत तो नोकरीचा करार असतो आणि ओट्यावर बसलेला शेतकरी त्या घटकेला मालक असतो, मग त्याची जमीन पाच एकर का असेना.

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय दिला तो 'नोकरीचे नवे कायदे आणि मालकवर्ग' असा. हा विषय वस्तुतः वकिलाचा. मी इतिहासाचा विद्यार्थी. तेव्हा नवा कायदा कोठून आला आणि त्याने आपल्या भागात येईपर्यंत किती वळणे घेतली हेच मी सांगू शकेन. ते ऐकल्यावर कायद्यातील कलमे आपली आपणच ध्यानात येतील, अशी माझी समजूत आहे.

प्रारंभी घरचीच एक गोष्ट सांगतो. आमच्या आजोबांची शेतीच्या हिशेबाची एक चोपडी माझ्यापाशी आहे. मोडीमिश्रित बाळबोध अक्षर, लाल कापडाची बांधणी. त्या चोपडीत बैलांची नावे आहेत. सर्जा कोणत्या बाजारात घेतला, किती रुपयांना घेतला, त्याचा खूर केव्हा दुखावला, सर्व काही आहे. गड्याच्या खात्यावर मात्र नुसते 'गडी' असे आहे. माणूस बदलला तेथे 'नवा गडी', आणि एके ठिकाणी 'धाकटा गडी'. उचल लिहिली आहे, खाडे लिहिले आहेत, एकदा दिलेली घोंगडीसुद्धा लिहिली आहे, नाव नाही. आजोबा दुष्ट नव्हते. आजारी गड्याला दवाखान्यात नेल्याचा खर्चही त्याच चोपडीत आहे, आणि तो त्याच्या अंगावर टाकलेला नाही. परंतु नाव लिहिण्याची गरजच त्यांना भासली नाही. गेल्या दीडशे वर्षांतला नोकरीचा कायदा मी वाचत गेलो, तसतशी ही चोपडी मला वारंवार आठवू लागली. कायद्याने मालकाकडे नानाविध गोष्टी मागितल्या आहेत, पण कामावर असलेल्या माणसाचे नाव लिहून ठेव, ही मागणी या ना त्या रूपाने जवळजवळ प्रत्येक कायद्यात आहे.

आता मागे जाऊ. कामगारांचा कायदा म्हटला की तो कामगारांच्या बाजूने झालेला असणार असे आपण धरून चालतो. हिंदुस्थानात आरंभ उलटा झाला. १८५९ साली, म्हणजे बंडाचा धुरळा पुरता बसला नव्हता तेव्हा, इंग्रज सरकारने कराराच्या भंगाबद्दल एक कायदा केला. कारागिराने वा मजुराने आगाऊ रक्कम घेतली आणि काम पुरे केले नाही, तर मालकाने मॅजिस्ट्रेटकडे जावे; मॅजिस्ट्रेटने मजुराला पैसे परत कर किंवा काम कर असे फर्मावावे; आणि त्याने ते मानले नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत सक्तमजुरी. दिवाणी देण्याला फौजदारी शिक्षा, असा हा न्याय. मालकाने मजुरी बुडविली, तर मालकाला तुरुंग नव्हता. हा कायदा १९२५ साली रद्द करण्याचे ठरले, तोवर सहासष्ट वर्षे लोटली होती. आपला मुलूख निजामाचा, त्यामुळे इंग्रजांचा हा कायदा येथे थेट लागू नव्हता. परंतु 'उचल घेतली म्हणजे माणूस बांधला गेला' ही जी समजूत आहे, तिला कोणत्याही कायद्याची गरज लागली नाही. ती येथे होतीच. निजामाच्या तेलंगणात तिचे 'भगेला' नावाचे फार कठोर रूप होते. तेथे बापाच्या कर्जापायी मुलगा राबत असे, आणि अखेर दरबारालाही त्यावर नियम करावे लागले.

कामगाराच्या बाजूचा पहिला कायदा आला तो १८८१ चा कारखान्यांचा कायदा. तोही फार थोडका होता. यंत्रशक्तीवर चालणारा आणि शंभर वा अधिक माणसे असलेला तो कारखाना, सात वर्षांखालील मूल कामाला लावावयाचे नाही, सात ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ तासांहून अधिक राबवावयाचे नाही, धोक्याच्या यंत्राला कुंपण घालावयाचे, बस्स. मोठ्या माणसाने किती तास राबावे याविषयी त्यात अवाक्षर नव्हते. मजुरांच्या कळवळ्याबरोबर लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा मुंबईच्या गिरण्यांविषयीचा मत्सरही या कायद्यामागे होता, असे त्या काळी मुंबईचे गिरणीमालक म्हणत, आणि ते अगदीच खोटे नव्हते.

आपल्या दृष्टीने या कायद्यातील एक बारीक अट महत्त्वाची आहे. वर्षात चार महिन्यांहून कमी चालणारा कारखाना त्यातून सुटला होता. आता आपल्या कापसाच्या मुलुखात कारखाना कोणता? सरकी काढण्याचे जीन आणि गासड्या बांधण्याची प्रेस. हंगाम दिवाळीनंतरचा, आणि फार तर उन्हाळ्यापर्यंतचा. जेथे कामाची सर्वांत अधिक झोड, तेथेच कायद्याचा हात पोचत नव्हता. १८८४-८५ साली मुंबई सरकारने कारखान्यांची चौकशी केली, तेव्हा खानदेशातील जिनांची हकीकत पुढे आली. ऐन हंगामात तीच ती माणसे रात्रंदिवस सलग आठ-आठ दिवस कामावर असत. त्यांत बायकांचा भरणा मोठा. आठ दिवसांपलीकडे शरीर टिकत नाही, म्हणून मग दुसरी माणसे पाहावी लागत, असे जिनाच्या चालकांकडूनच सांगितले गेले. हे त्यांनी लपविलेही नाही, कारण त्यात लपविण्याजोगे काही आहे असे त्यांना वाटत नव्हते. हंगामी कारखान्यांना कायद्याखाली आणण्यास १९११ साल उजाडावे लागले.

त्या चौकशीच्याच सुमारास मुंबईत एक माणूस उभा राहिला. त्याचे नाव आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात एका ओळीत येते आणि विसरले जाते. नारायण मेघाजी लोखंडे. जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु' पत्राचे संपादक, आणि स्वतः गिरणीत नोकरी केलेले. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी गिरणीकामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज चौकशी समितीपुढे ठेवला. मागण्या काय होत्या? आठवड्याची एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, कामाच्या वेळेला सूर्योदय-सूर्यास्ताची मर्यादा, मजुरी पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा हा अर्ज आजच्या कायद्याशेजारी ठेवून वाचावा. नवे असे फारसे काही शिल्लक राहत नाही. २४ एप्रिल १८९० रोजी लोखंड्यांनी मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरविली. तीत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. आज रविवारी आपण दुकानाची फळी लावतो वा कचेरी बंद ठेवतो, त्यात या माणसाचा वाटा आहे.

पुढचा क्रम मी भरभर सांगतो, कारण तो कोणत्याही पुस्तकात सापडतो. १९२२ साली आठवड्याला साठ तासांची मर्यादा आली. १९२३ साली अपघाताच्या नुकसानभरपाईचा कायदा झाला, १९२६ साली कामगार संघांचा, १९३६ साली वेळेवर वेतन देण्याचा. बाळंतपणाच्या रजेचा कायदा प्रथम मुंबई इलाख्यात १९२९ साली झाला. त्याच्या बिलावर आदल्या वर्षी मुंबईच्या कौन्सिलात बोलताना डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला होता. तेच आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे प्रमुख होते. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास, किमान वेतन, कामगारांचा विमा यांची पायाभरणी त्या चार वर्षांतली आहे. कायदे पुरे होऊन आले ते १९४६ ते १९४८ च्या दरम्यान.

आणि नेमक्या त्या वर्षांत आपण कोठे होतो? १९४८ च्या मार्चमध्ये किमान वेतनाचा कायदा दिल्लीत मंजूर झाला, त्या वेळी बदनापूर निजामाच्या राज्यात होते आणि येथे रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो संपला. १९५१ साली केंद्राचे पुष्कळसे कायदे हैदराबादसारख्या राज्यांना लागू करण्यात आले. १९५६ साली आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो, १९६० साली महाराष्ट्रात. एवंच, मुंबईच्या गिरणीकामगाराने जे साठ-सत्तर वर्षे भांडून मिळविले, ते आपल्या भागात दहा-बारा वर्षांच्या आत वरून येऊन पडले. मागण्याची सवय न होता मिळालेला हक्क कागदावर फार काळ राहतो. १९४८ च्या किमान वेतनाच्या कायद्याच्या परिशिष्टात शेतीचे नाव पहिल्यापासून होते. परंतु त्या कायद्याचा आधार घेऊन पाडव्याच्या बैठकीत एखादा सालगडी बोलला असे मी तरी लहानपणी ऐकले नाही.

गावोगाव हजेरीची खरी ओळख झाली ती बहात्तरच्या दुष्काळात. त्या वेळी सरकार स्वतःच मालक झाले. पाझर तलाव, नालाबंडिंग, खडी फोडणे, रस्ते. आणि त्यासोबत एक इंग्रजी शब्द प्रत्येक गावात शिरला, तो म्हणजे 'मस्टर'. मस्टरवर नाव असेल तर मजुरी. नसेल तर दिवसभर फोडलेली खडी वाया. ज्या बायकांचे नाव तोवर रेशनकार्डाखेरीज कोठेही लिहिले गेले नव्हते, त्यांचे नाव मस्टरवर आले आणि त्यापुढे त्यांच्या अंगठ्याचा ठसा उमटला. मस्टरवर खोटी नावेही चढली, हे सांगितले नाही तर सभेतील वडीलधारी मंडळी मला हसतील. तरीपण वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली ती रोजगार हमी योजना १९७७ साली कायद्यात बांधली गेली आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आली. काम मागणाऱ्याला पंधरा दिवसांत काम, नाहीतर भत्ता. आपल्यापैकी पगारदारांच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसायकर म्हणून कापले जातात, त्या कराचा जन्म १९७५ साली या हमीसाठीच झाला. तो कापून घेताना आपण कुरकुरतो. हरकत नाही, पण कशासाठी कापला जातो हे ठाऊक असावे.

त्याच दशकात उचलीच्या बंधनावर कायद्याने सरळ घाव घातला. ऑक्टोबर १९७५ मध्ये वेठबिगारी नष्ट करणारा वटहुकूम निघाला आणि १९७६ साली त्याचा कायदा झाला. कर्जापोटी माणसाला कामाला बांधून ठेवता येणार नाही, आणि असे कर्ज फिटलेच असे समजावे, असा त्याचा अर्थ. संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदात वेठबिगारीला बंदी १९५० पासूनच होती. तिला हातपाय फुटले ते आता. पुढे १९८२ साली, दिल्लीच्या एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाने त्या अनुच्छेदाचा अर्थ आणखी पुढे नेला. न्यायमूर्ती भगवतींनी असे सांगितले की, भूक आणि गरिबी हीसुद्धा सक्तीच आहे. किमान वेतनाहून कमी पैशांत माणूस काम पत्करतो, तेव्हा तो स्वखुशीने पत्करतो असे मानता येत नाही. 'तो आपल्या मर्जीने आला होता' हे आपल्याकडचे मालकाचे जुने उत्तर आहे. त्या दिवसापासून ते उत्तर न्यायालयात पुरेसे राहिले नाही.

या मालिकेतील एका कायद्याकडे मात्र मी आपले मुद्दाम लक्ष वेधणार आहे. ओरिसात त्या काळी 'दादन' नावाची पद्धत होती. सरदार नावाचा ठेकेदार गावात येई, आगाऊ रक्कम वाटी, आणि माणसांचे तांडे दूरदूरच्या बांधकामांवर नेई. कामाचे तास नाहीत, हिशेब नाही, परतीचे भाडे नाही. आपल्याकडचा मुकादम, कोयत्याची उचल आणि ऊसतोडीचा तांडा ज्याने पाहिला आहे, त्याला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. या दादन मजुरांच्या हलाखीतून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा निघाला. पाच किंवा अधिक परप्रांतीय मजूर ठेकेदारामार्फत आणले असतील, तर त्यांची नोंदणी करावयाची. प्रत्येकाला फोटो लावलेले पासबुक द्यावयाचे. घर सोडून आल्याबद्दल विस्थापन भत्ता द्यावयाचा. आणि येण्याचे व परत जाण्याचे भाडे द्यावयाचे. यापुढील वाक्य मी मूळ कायद्यात वाचले तेव्हा थबकलो. त्या प्रवासाच्या काळात मजूर जणू कामावरच आहे असे समजून त्याला वेतन मिळावे, असे तेथे लिहिले होते. म्हणजे घरी परतण्याची वाट हासुद्धा कामाचाच भाग, असे १९७९ साली या देशाच्या संसदेने मानले होते.

आता आपण आपल्या दाराशी येऊ.

बदनापूरचे नाव महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना ठाऊक आहे ते तुरीमुळे. येथील कृषी संशोधन केंद्रातून निघालेले 'बीडीएन' वाण विदर्भापासून कर्नाटकापर्यंत पेरले जातात, आणि त्यातील 'बदना' हा आपला आहे, याचा आपल्याला अभिमान असतो. ८ मे २०२० रोजी हे नाव साऱ्या देशाला दुसऱ्याच कारणाने कळले.

शेजारच्या जालन्यात भंगार वितळवून सळया करण्याच्या भट्ट्या आणि रोलिंग मिला किती आहेत हे आपण जाणताच. भट्टीपुढचे काम अंग भाजणारे. ते करावयाला मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेश येथून माणसे येतात. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली आणि कारखाने थंडावले. २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला, की मालकांनी बंद काळातही कपात न करता ठरल्या दिवशी वेतन द्यावे. लहान मालकांचे म्हणणे असे की, माल विकला जात नाही, उधारी वसूल होत नाही, तर देणार कोठून? ही तक्रार सर्वस्वी लबाडीची नव्हती. तो हुकूम १८ मे पासून मागे घेण्यात आला, आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने उभयतांनी आपसांत बोलून मिटवावे असा मार्ग दाखविला. पण तोवर मजुरांनी आपल्या पायांनी आपला निर्णय घेतला होता.

जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारी वीसेक माणसे ७ मेच्या संध्याकाळी निघाली. मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांतली ती माणसे. मजुरांसाठी १ मेपासून खास गाड्या सुटू लागल्या होत्या. भुसावळकडे पोचले म्हणजे एखादी मिळेल, अशी त्यांची आशा. रस्त्याने पोलीस अडवतील, म्हणून त्यांनी रुळांची वाट धरली. हाच आपला मनमाड-काचीगुडा मार्ग, निजामाच्या काळात घातलेला. जालना सोडले, बदनापूर स्टेशन मागे टाकले, आणि करमाडच्या अलीकडे थकून रुळांवरच टेकले. गाड्या बंद आहेत अशी समजूत. पहाटे सव्वापाचच्या सुमारास एक रिकामी मालगाडी आली. सोळा माणसे गेली. बाजूला निजलेले तेवढे वाचले. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचे चित्र त्या दिवशी देशभर छापले गेले. प्रेते खास गाडीने जबलपूरला नेण्यात आली. जिवंतपणी जी गाडी गाठता आली नाही, ती अशी मिळाली. दोन्ही राज्यांच्या सरकारांनी मृतांच्या वारसांना पाच-पाच लाख रुपये जाहीर केले.

अमक्या कारखान्याची चूक की तमक्या खात्याची, याचा निवाडा करण्यास मी उभा नाही. मला प्रश्न पडतो तो १९७९ च्या त्या वाक्याविषयी. परतीचा प्रवास हा कामाचा भाग आहे असे लिहिलेला कायदा त्या रात्री अंमलात होता. तो ७ मेच्या संध्याकाळी रुळांवरून चालणाऱ्या माणसांच्या कामी का आला नाही? याचे एक कारण कायद्यातच होते. ठेकेदारामार्फत आणलेल्या मजुरालाच तो ओळखत असे. गावच्या माणसाचा हात धरून, भावाबरोबर, मेहुण्याबरोबर जो आपण होऊन आला, त्याची त्यात गणनाच नव्हती, आणि भट्ट्यांवर येणारी पुष्कळ माणसे अशीच येतात. दुसरे कारण कायद्याबाहेरचे. नोंदणी आणि पासबुके हा प्रकार देशात बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला होता. ज्याला 'दे' म्हणावयाचे, त्याचे नाव कोठेतरी लिहिलेले असावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत विचारणा झाली, की टाळेबंदीत घराकडे निघालेले किती मजूर मेले? सरकारचे उत्तर असे होते की, अशी माहिती ठेवली जात नाही. आजोबांच्या चोपडीतील 'नवा गडी' मला त्या उत्तराच्या वेळी आठवला.

यानंतर काही हालचाल झाली. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंघटित मजुरांच्या नोंदणीसाठी सरकारला मुदत घालून दिली, आणि २६ ऑगस्ट २०२१ रोजी 'ई-श्रम' ही देशव्यापी नोंदणी सुरू झाली. मोबाइल आणि आधार यांच्या जोरावर मजूर आपले नाव आता स्वतः नोंदवू शकतो. ते चांगलेच झाले. मात्र नाव लिहिण्याचे ओझे येथे मालकाकडून मजुराकडे सरकले आहे, ही गोष्ट माझ्या नजरेतून सुटत नाही.

आणि अखेर आले ते नवे कायदे, ज्यांच्यासाठी मला येथे उभे केले आहे. एकोणतीस जुने केंद्रीय कायदे गोळा करून त्यांच्या चार संहिता करण्यात आल्या. वेतनाची संहिता २०१९ ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, कामाच्या जागेची सुरक्षितता या तीन २०२० च्या. पाच वर्षे त्या मंजूर होऊन पडून होत्या. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी त्या अमलात आल्या. जुन्या मंडळींची तक्रार असे की, प्रत्येक कायद्याची वही निराळी, तपासनीस निराळा, एका भट्टीसाठी दहा रजिस्टरे. ती तक्रार रास्त होती आणि नव्या संहितांनी ती बऱ्याच अंशी मानली आहे. कामगार संघटना म्हणतात की, मालकाला सैलही बरीच मिळाली. पूर्वी शंभर कामगारांच्या कारखान्याला कामगार कपात करण्यास वा टाळे लावण्यास सरकारची परवानगी लागे; आता ती मर्यादा तीनशेवर गेली आहे. हेही खरे आहे. जालना-बदनापूरच्या बहुतेक कारखान्यांना या एका आकड्याने वगळले गेले.

परंतु आपल्या इतिहासाच्या दृष्टीने पाहावयाचे तर लेखणी मालकाच्या हातातून सुटलेली नाही. ज्या आस्थापनेत दहा वा अधिक माणसे आहेत, तेथे प्रत्येकाला नेमणुकीचे पत्र द्यावयाचे आहे. रोजंदारीचे पैसे पाळी संपताच, आठवड्याचे आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी, महिन्याचे पुढल्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. लोखंडे पंधरा तारीख मागत होते. माणूस काम सोडून गेला वा त्याला काढले, तर दोन कामाच्या दिवसांत त्याचा हिशेब चुकता करावयाचा. जादा वेळेचे दुप्पट. मुदतीच्या करारावर घेतलेल्याला एका वर्षानंतरही उपदान. किमान वेतन पूर्वी यादीतील धंद्यांपुरते असे. आता यादी गेली आहे. आणि स्थलांतरित मजुराची व्याख्या बदलली आहे. जो आपण होऊन परप्रांतातून आला, तोसुद्धा आता त्या नावाखाली येतो. त्याला वर्षातून एकदा घरी जाण्या-येण्याचे भाडे मालकाने द्यावयाचे आहे. विस्थापन भत्ता मात्र नव्या संहितेतून गळला. आणि पूर्वी पाच मजूर असले की कायदा लागत असे, तो आता दहांना लागतो. एका हाताने दिले, दुसऱ्या हाताने थोडे काढले. कायद्यांचा इतिहास बहुधा असाच लिहिला जातो.

सभेला येण्यापूर्वी चहाच्या वेळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेतले. त्यांची विटांची भट्टी आहे. त्यांनी विचारले, "सर, माझ्याकडे आठच माणसं आहेत. म्हणजे मला यातलं काही लागत नाही ना?" मी त्यांना सांगितले ते आपल्यालाही सांगतो. प्रवासाचे भाडे आणि नेमणुकीचे पत्र यांना दहाची अट आहे, ती आपल्याला लागत नाही. किमान वेतन आणि वेळेवर वेतन यांना कसलीही अट नाही. एकच माणूस असला तरी ते लागते. आठांपैकी कोणी काही न देता बांधला गेला असेल, म्हणजे उचल फिटेतो जाऊ दिला जात नसेल, तर तो १९७६ पासूनच गुन्हा आहे, आणि त्याला माणसे मोजावी लागत नाहीत.

ते थोडे विचारात पडले. मग म्हणाले, "त्यांची नावं लिहून ठेवतो मी. पण तिघं छत्तीसगडचे आहेत, त्यांची आडनावं आम्हाला नीट लिहिता येत नाहीत. एकाचं तर दोन वर्षं चुकीचंच लिहीत होतो, त्यानं कधी सांगितलं नाही."

१९७९ च्या कायद्यात पासबुक कोणत्या भाषेत असावे तेही लिहिले होते. हिंदी आणि इंग्रजीत. आणि मजुराची भाषा या दोहोंहून निराळी असेल, तर तिच्यातही. मी त्यांना म्हटले, आज घरी गेल्यावर त्यालाच विचारा आणि तो सांगेल तसे लिहा. ते गृहस्थ आत्ता तिसऱ्या रांगेत बसले आहेत, म्हणून त्यांचे नाव मी घेत नाही.